रुमालाखालचा ओटा

"घाला की हात आत, सायब. साप न्हाई पाळलेला," माझे सासरे म्हणाले, आणि इंजिनिअर बिरनाळ्यांनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवून आपला हात सासऱ्यांच्या मांडीवरच्या रुमालाखाली घातला. घालताना त्यांचा चेहरा असा होता, की हात परत मिळेल याची त्यांना खात्री नसावी.

गडहिंग्लजच्या घराची पडवी. दुपार कलायला लागलेली. जाजमावर मधोमध सासरे, रुद्राप्पाशेठ कडगावे, मांडी घालून बसलेले. समोर बिरनाळे. दाराशी दस्तगीर मिस्त्री बशीत चहा ओतून फुंकर घालत होता, आणि खांबाला टेकून यल्लाप्पा मिस्त्री पान जमवत होता. या तिघांनी घराच्या दुरुस्तीचे अंदाज दिलेले. आणि एका बाजूला मी, जावई, तिन्ही अंदाजांचे कागद मांडीवर घेऊन बसलेलो. ते कागद वाचायलाच मला कोल्हापुराहून बोलावणं गेलं होतं आणि आता त्या कागदांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"मला हे काही समजत नाही," बिरनाळे म्हणाले. "आकडा कागदावर स्पष्ट टाइप केलाय. नऊ हजार."

"कागदावर काय, कुणीबी कायबी लिवतंय. हात खोटं बोलत न्हाई. तुमच्या मनात किती हजार हायत तेवढी बोटं पुढं करा. पाचाच्या वर असलं तर हात सोडवून पुन्हा द्या. मी मुठीत धरून मोजतो. बाकीच्यांना दिसायचं न्हाई, तुमची लाज तुमच्यापाशी."

सासरे मिरचीचे अडते होते. बाजारात सगळ्यांसमोर मिरची ओतायची आणि भाव मात्र रुमालाखाली बोटं दाबून ठरवायचा, ही त्यांच्या उमेदीतली रीत. पुढे सरकारने ती बंद केली, उघडा लिलाव आला, पण सासऱ्यांनी सरकारला पेठेपुरतंच मानलं. घरात रुमाल चालूच राहिला. दुधाचा रतीब रुमालाखाली, न्हाव्याचं बलुतं रुमालाखाली. माझं लग्नसुद्धा माझ्या वडिलांशी त्यांनी रुमालाखालीच ठरवलं. काय ठरलं ते वडिलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की हात बाहेर आला तेव्हा अंगठी सैल झाली होती.

गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीच्या हंगामात चिमण्यासुद्धा शिंकतात. सासरे मिरचीच्या ढिगाला पाठ लावून जन्मभर बसले आणि शिंकले नाहीत. एकदा म्हणे ऐन सौद्यात शिंक आली होती. ती त्यांनी भाव तुटेपर्यंत अडवून धरली, पैसे मोजून घेतले, घरी चालत आले, पायताण काढलं आणि मग शिंकले. शेजारच्या घराची दोन कौलं गेली. कौलं मी पाहिलेली नाहीत, पण कौलं नसलेली जागा पाहिली आहे.

सांगायचं कारण असं, की रुमालाचा एकच कायदा होता. आत काय वाटेल ते चालू दे, बाहेर चेहरा हलता कामा नये. भुवई चढली की समोरच्याला भाव कळला. सासऱ्यांना आयुष्यात अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा. मुलीचं नाव घेताना ते दोनदा विचार करत, पण 'आमचं तोंड बाजारात कुणी वाचलेलं न्हाई' हे वाक्य जेवताना, झोपताना, तेराव्याला, बारशाला कुठेही यायचं.

आता त्यातलं कुणी राहिलेलं नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

दुरुस्ती काढली होती ती मागच्या बाजूची. न्हाणीघर, त्याला लागून स्वयंपाकघर, दोन्हींवरचं छप्पर. आणि स्वयंपाकघरात एक ओटा. खरं म्हणजे सगळी दुरुस्ती त्या ओट्यासाठीच होती. माझ्या सासूबाई, गौराक्का, लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या काळोख्या खोलीत खाली बसून भाकऱ्या थापत होत्या. वर गळकं छप्पर, पुढ्यात धूर. गुडघे गेले होते. उठायचं म्हणजे आधी भिंतीला हात, मग देवाचं नाव, मग कपाटाची कडी, आणि त्या पुऱ्या उभ्या राहीपर्यंत पहिली भाकरी गार. शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंकडे त्यांनी उभ्याचा ओटा पाहिला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, बघू.  त्या दिवसापासून वर्षभर त्यांनी त्याला गार भाकरी वाढली. वर्ष संपता संपता रुद्राप्पाशेठ म्हणाले, बोलवा कुणाकुणाला, घ्या अंदाज.

अंदाज आले, मी आलो. मी जिल्ह्याच्या ठिकाणी बांधकामाच्या कचेरीत कारकून. घरात कुणी मला नावाने हाक मारायचं, कुणी जावईबापू म्हणायचं, पण सासरे कधीच नाही. ते मला 'बांधकामखातं' म्हणायचे. "काय बांधकामखातं, भात वाढू का?" "बांधकामखातं आंघोळीला गेलंय, पाणी संपणार आज." लग्नाच्या पंगतीत सुरुवात केली होती, ती चालूच होती. पंगतीत दुसऱ्या कुणाला आधी हसू फुटलं, की ते माझ्याकडे बघून मान डोलवायचे, जणू मीही हसावं.

सकाळी मी तिन्ही कागद लावून वाचले आणि सासऱ्यांना नीट समजावलं. बिरनाळ्यांचा कागद देखणा, टाइप केलेला, पण शेवटी 'किरकोळ व इतर' म्हणून हजार रुपये, आणि ते किरकोळ काय, हे ब्रह्मदेवाला माहीत. दस्तगीरचे सात हजार, पण त्यात दारं-खिडक्या धरलेल्याच नाहीत. म्हणजे घर होईल, आत जाता येणार नाही. यल्लाप्पाला लिहिता येत नव्हतं, त्याने शाळेतल्या मास्तरांकडून वहीच्या पानावर लिहून आणलेलं. सहा हजार. पाडकाम, राडारोडा वाहून नेणं, छप्पर, न्हाणी, ओटा, वर काळा कडाप्पा, सगळं आलेलं. "मामा, डोळे मिटून यल्लाप्पाला द्या," मी म्हणालो.

"डोळे मिटून मी झोपतोबी न्हाई," सासरे म्हणाले, आणि रुमाल झटकला.

आता बिरनाळ्यांचा हात आत होता. सासऱ्यांनी मुठीत धरलं, जरा दाबलं, सोडलं. पुन्हा धरलं. बिरनाळ्यांच्या कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली. सासऱ्यांचा चेहरा देवळाच्या पायरीसारखा.

"झालं. काढा भायेर," ते म्हणाले. "बसा आता. कळवतो."

"किती ठरलं?" मी विचारलं.

"बांधकामखातं, आतलं आत ऱ्हातंय."

पण बिरनाळ्यांचा चेहरा सांगत होता. नऊवरून ते बऱ्याच पायऱ्या उतरले होते आणि उतरून हाती काही लागलं नाही, हेही त्यांना कळलं होतं. नेसरीला परत जायची त्यांची गाडी यायला वेळ होता, नाहीतर ते तेव्हाच उठले असते.

मग दस्तगीर. तो हसत हसत आला, हात आत घालताना म्हणाला, "शेठ, गुदगुल्या करू नका," आणि हात बाहेर काढताना हसत नव्हता. पुन्हा दाराशी जाऊन बशी उचलली, तर बशीत चहा नव्हता. तो रिकाम्या बशीतच फुंकर घालत बसला.

"यल्लाप्पा, ये बाबा. तुझंच ऱ्हायलंय."

यल्लाप्पा म्हणजे तोंडाळ माणूस. पान गालात सारून तो येऊन बसला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट नव्हतं त्याचं. खाणीत धोंडा सरकला होता, वर्षं झाली होती. कुणी विचारलं तर सांगायचा, "दोन बोटं देवाला इसार दिल्यात. बाकीचा व्यवहार वर गेल्यावर पुरा करणार."

"शेठ, मी कधी हे केलेलं न्हाई," तो म्हणाला. "माझं तोंडी असतंय."

"तोंडीच हाय हे. फक्त तोंड बंद ठेवायचं. कागदावर सहा लिवलंयस?"

"सहाच. सहा म्हणजे सहा, त्यात पानसुपारीपण हाय माझी."

"जरा कमी कर की. जावई कोल्हापुराहून आल्यात तुझी तारीफ करायला."

यल्लाप्पाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मनात म्हटलं, एखादा हजार कमी करील आणि काम त्याला मिळेल. सासऱ्यांचं समाधान, सासूबाईंचा ओटा, माझं गाडीभाडं वसूल. त्यानेही तसाच हिशेब केला असणार. क्षणभर छताकडे बघितलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, आणि हात आत घातला.

सासऱ्यांनी धरला. एकदा मोजला. पुन्हा मोजला. हात सोडला नाही.

"एवढंच नव्हं? बदलणार न्हाईस?"

"न्हाई शेठ. एवढंच."

"साक्षीला सगळी हायत हं."

"असू द्यात की."

सासऱ्यांनी रुमाल उचलला. "तीन हजार. ठरलं."

यल्लाप्पा हसला. "पाच, शेठ. पाच दिल्यात मी. सगळा पंजा दिला."

"मोज की पंजा."

यल्लाप्पाचा हात जाजमावर उताणा पडलेला होता. त्याने त्याच्याकडे बघितलं. एखादा माणूस परगावच्या स्टँडवर भेटावा आणि ओळख लागू नये, तसं तो बघत राहिला. बिरनाळे नाकातून हसले. स्वतः हरलेला माणूस दुसरा पडल्यावर हसतो, तसं.

"थट्टा करताय शेठ," यल्लाप्पा म्हणाला.

"रुमालाखाली थट्टा नसती. आम्ही बोटं मोजतो, माणसाच्या मनात किती बोटं हायत ते मोजत न्हाई. दस्तगीर, तू सांग. बाजारात तुझा चुलता होता. हात दिला तो दिला का न्हाई?"

दस्तगीर बशीकडे बघत म्हणाला, "हात दिला तो दिला."

"मामा, हे बरोबर नाही," मी म्हणालो. "त्याने सहा लिहून दिलेत. पाचसुद्धा त्याला परवडणार नाहीत. तीन हजारांत नुसता मालसुद्धा येत नाही."

"बांधकामखातं, तुमचा चहा गार होतोय."

मी कप उचलला. तोंडाळ यल्लाप्पाचं गप्प बसणं ऐकवत नव्हतं. त्याचं सगळं काम पेठेतल्या अडत्यांकडे. कुणाचं गोदाम, कुणाची भिंत. यल्लाप्पाने हात देऊन फिरवला, असं रुद्राप्पाशेठने एका कट्ट्यावर सांगितलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच्या थापीला गंज चढला असता. हे त्याला माहीत, सासऱ्यांना त्याच्याहून जास्त माहीत.

"काय रे," सासरे म्हणाले, "दोन बोटं देवाला दिलीस म्हणतोस. मला वाटतंय ती मलाच दिलीस. एवढी वर्षं मला पोचली नव्हती, आज पोचली."

यल्लाप्पाने पानाची पिंक टाकायला जागा शोधली, सापडली नाही, गिळून टाकली.

"तीनात न्हाणी होईल, शेठ," तो हळू म्हणाला. "छप्परबी करतो कसंतरी. माझी मजुरी धरत न्हाई. ओटा मात्र व्हायचा न्हाई. कडाप्पाचा पैसा बाकीच्यातच जातोय."

"मग काट ओटा," सासरे म्हणाले.

त्यांनी माझ्या मांडीवरचं वहीचं पान ओढून घेतलं. कानामागची पेन्सिल काढली. पेन्सिलीला त्या दिवशीच टोक केलेलं होतं, इतकं बारीक की कागद फाटायचा. ओट्याच्या ओळीवर त्यांनी रेघ मारली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पान मला परत दिलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यल्लाप्पाला शेवटी बोलावलं होतं ते उगाच नव्हे. सगळी दुपार ते एका रेघेसाठी बसले होते.

"बसून थापलेली भाकरी मऊ लागती," ते मोठ्याने म्हणाले. एवढ्या मोठ्याने आमच्याशी बोलायची गरज नव्हती. "उभ्यानं केलेलं हाटेलातलं. आमच्या आईनं जन्म काढला बसून. हिचं काय झिजतंय?"

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

गौराक्का बाहेर आल्या. चौकटीला धरून, एक पाय, मग दुसरा. पदराला हात पुसत होत्या. कांडप कांडून त्यांचे हात असे झाले होते, की पितळी डब्याचं झाकण बसलं तर गल्लीतल्या बायका डबा घेऊन यायच्या. एकदा दावं तोडून पळालेली म्हैस त्यांनी शेपटीला धरून थांबवली होती. म्हैस पुढे दोन दिवस दूध द्यायचं विसरली. पण तोंडाने अशा गरीब, की त्या घरात आहेत हे पाहुण्यांना जेवण झाल्यावर कळायचं.

त्या येऊन सासऱ्यांसमोर जाजमावर बसल्या. बसतानासुद्धा त्यांना वेळ लागला. 

"कसा असतोय हो हा सौदा?" त्यांनी विचारलं. "एवढी वर्षं झाली, मी कधी बघितलेलं न्हाई."

"बायकांचं काम न्हाई ते."

"बघू तरी द्या. मी काय मिरच्या घेतोय का तुमच्याकडनं?" तिकडच्या बायका असंच बोलतात, मी येतो, मी घेतो. "जावई बघतायत. का भ्यालासा?"

दस्तगीर हसला. सासऱ्यांना त्या हसण्याने बरं वाटलं असावं. ते मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "काय घेणार बोल."

"ओटा."

"ओटा आत्ताच गेला बाजारातनं."

"मग परत आणतो. तुम्ही बोटं द्या, मी मोजतो. तीन दिलासा नव्हं यल्लाप्पाला? तीनच द्या."

"तीनच देणार."

"बरं की."

सासऱ्यांनी रुमाल मांडीवर पसरला. सासऱ्यांचा हात आत गेला, सासूबाईंचा त्याच्यामागे गेला. रुमाल जरा हलला आणि स्थिर झाला. मला वाटलं, आता एक-दोन चेष्टा होतील आणि त्या उठून आत जातील. सासऱ्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते आम्हा सगळ्यांकडे बघत होते, आळीपाळीने, नाटकातला मोठा नट प्रेक्षकांकडे बघतो तसे.

"तीन," ते म्हणाले.

"तीनात ओटा येत न्हाई म्हणतोय यल्लाप्पा."

"मग न्हाई येत."

"कमरेएवढा पायजे," सासूबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या, जणू ओटा तिथेच घालायचा होता. "जास्त उंच नको. खांदे भरून येत्यात. वर कडाप्पा. कडंला पाण्याची जागा."

कुठेतरी काहीतरी मोडलं. वाळक्या मिरचीचं देठ मोडावं तसं. मला वाटलं, यल्लाप्पाने सुपारी फोडली.

"चार," सासरे म्हणाले.

आवाज अगदी नेहमीचा. चेहरा नेहमीचा. बिरनाळे वाकून बघायला लागले. चारावर कसे आले शेठ, हे त्यांना कळेना. मलाही कळेना. रुमालाखाली बाई नवऱ्याला काय सांगत असेल? घरात लपवलेलं सोनं? कुणाचं जुनं नाव? मी सासूबाईंच्या ओठांकडे बघत होतो. ओठ ओट्याबद्दल बोलत होते.

"डावीकडं खिडकी पायजे. धूर जायला. आणि खिडकीला गज नकोत. गज असले की तुरुंगात बसल्यागत वाटतंय. मी बसलोय तिथं एवढी वर्षं, मला ठावं हाय."

पुन्हा तोच आवाज.

सासऱ्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला. नाकावरून ओघळत शेंड्यापर्यंत आला आणि तिथे लोंबकळत थांबला. पडेना. भाव तुटायची वाट बघत होता.

"पाच," ते म्हणाले.

यल्लाप्पाला मात्र आता काहीतरी कळलं होतं. दगडाखाली हात गेलेला माणूस तो, त्याला आवाज ओळखू आला असेल. तो गुडघ्यांवर उभा राहिला. "अक्का," तो म्हणाला, "पाच झाले. बास करा. पाचात मी करतो. ओटा देतो. सोडा त्यास्नी."

"तू खाली बस."

"अक्का, बास. पाया पडतो."

"तुझा हात आत होता तेव्हा कोण बास म्हणालं रे?" त्या म्हणाल्या. रागावून नाही, विचारून बघावं तसं. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुम्ही म्हणालासा?"

मी मांडीवरच्या कागदांच्या कडा जुळवत बसलो.

"कागदावर सहा हाय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"सहा," मी म्हणालो.

त्यांनी नवऱ्याकडे पहिल्यांदाच बघितलं. तोही त्यांच्याकडे बघत होता. एकमेकांकडे त्या दोघांना इतका वेळ बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढेही पाहिलं नाही. रुद्राप्पाशेठला वाटलं असतं तर ओरडता आलं असतं. हात ओढता आला असता. एक शब्द बोलले असते तर आम्ही चौघं पुरुष होतो तिथे. पण मग चेहरा गेला असता. दस्तगीरने पेठेत सांगितलं असतं, बिरनाळ्यांनी नेसरीच्या गाडीत सांगितलं असतं. त्यांनी बोटं आणि चेहरा असा तराजू मनात धरला आणि चेहऱ्याकडचं पारडं खाली गेलं.

तिसरा आवाज जरा मोठा होता.

"सहा," ते म्हणाले, आणि घामाचा थेंब पडला.

"ठरलं," गौराक्का म्हणाल्या. "काढा भायेर."

त्यांनी रुमाल उचलला, झटकला, घडी घातली आणि स्वतःच्या कमरेला खोचला. तेव्हा आम्हाला हात दिसला. मधली तीन बोटं तीन गावांच्या वाटेला लागलेली होती. एक संकेश्वरकडे, एक आजऱ्याकडे, आणि मधलं, सगळ्यात लांब, थेट वर, जिथे गाडी जात नाही तिथे. अंगठा आणि करंगळी मात्र जागच्या जागी, चांगल्या घरातल्या मुलांसारखी.

बिरनाळे उठून पडवीच्या कडेला गेले आणि अंगणात ओकले. दस्तगीरच्या हातातली बशी केव्हा पडली ते कुणालाच कळलं नव्हतं.

सासूबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. एक पाय, मग दुसरा. "यल्लाप्पा, उद्यापासनं लाग. आधी ओटा, मग न्हाणी," त्या म्हणाल्या. "बसा सगळे. चहा ठेवतो."

"साखर कमी घाल," सासरे म्हणाले.

तो चहा आम्ही प्यायलो. सगळ्यांनी, सासऱ्यांनीसुद्धा, डाव्या हाताने. चहा फार चांगला होता, हे सांगायला हवं.

मग मी टांगा आणला. हाडवैद्य पलीकडच्या वेशीला राहायचा. सासऱ्यांचा हात मी माझ्या मांडीवर उशीवर ठेवला होता आणि घोड्याच्या प्रत्येक टापेला तो हात उशीवर उडत होता. रस्त्याने लोक रामराम घालत होते. सासरे सगळ्यांना मानेने उत्तर देत होते. एकाने विचारलं, शेठ, कुठं? तर म्हणाले, जावयाला गाव दाखवतोय. चेहरा तसाच. पेठ संपली, माणसं संपली, शेतं लागली, तरी तसाच.

"बांधकामखातं," ते म्हणाले.

"काय मामा?"

"ही बाई मला कधी कळली न्हाई."

मी म्हणालो, "हं."

ते शेतांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत काहीतरी होतं, लहान मूल पाटी दाखवायला आणतं तसलं.

"एक खरं सांगा. तुम्ही शेजारीच होतासा, एकटक बघत होतासा. तिन्ही वेळा. माझा चेहरा हलला का?"

हलला नव्हता. शपथेवर सांगतो, त्या दिवशी दगडाला घाम फुटला असता, लाकूड किंचाळलं असतं, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरची एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. असा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही आणि पाहणारही नाही. आणि ते सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा.

"दुसऱ्या वेळी," मी म्हणालो, "डावी भुवई जराशी वर गेली, मामा. अगदी जराशी. बिरनाळे सायबांनीपण बघितली. यल्लाप्पानंही. दस्तगीर तर हसला."

त्यांनी डावा हात उचलून भुवईवर ठेवला. बोटाने ती चाचपली, जणू अजून वर आहे की काय ते बघत होते. आणि मग त्यांच्या तोंडून आवाज आला. दुपारभर जो आला नव्हता तो. सुरुवातीला बारीक, मग मोठा, मग असा की बांधावरचे बगळे उडाले.

टांगेवाल्याने घाबरून घोडा थांबवला आणि मागे वळून बघितलं.

"चल रे तू," मी म्हणालो. "हात दुखतोय त्यांचा."